आधी वेळेचा हिशेब, मग फिल्टर: बटणापासून रिलेपर्यंतचं एक सर्किट

बटण एकदाच दाबलं, पण मोजणी तीनने वाढली. रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) बंद होताना शेजारचा टायमर आपोआप पुन्हा सुरू झाला. सेन्सरचं रीडिंग दर सेकंदाला हेलकावे खातंय, आणि सेन्सर मात्र टेबलावर निवांत पडलाय. या तिन्ही तक्रारींवर लोक एकच उपाय करतात: कुठेतरी एक कपॅसिटर लावून बघायचा. कधी जमून जातं, कधी दुखणं नुसतं जागा बदलतं.

माझा अनुभव असा, की कपॅसिटर हातात घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारला तर निम्मं काम होतं: हा सिग्नल खरा आहे हे ठरवायला मला किती वेळ थांबायला परवडेल? फिल्टर करतो ते एवढंच. सिग्नल ठरावीक काळ टिकला तर मानायचा, नाहीतर सोडून द्यायचा. म्हणजे गोंगाट काढणं आणि वेळ मोजणं ही एकाच रेझिस्टर-कपॅसिटर जोडीची दोन कामं आहेत. खालचं सर्किट याच क्रमाने बांधूया: बटण, त्याची साफसफाई, दोन सेकंदांचा टायमर आणि शेवटी रिले. सगळं ५ व्होल्टवर चालतं.

थांबायचं किती?

साधं पुश-बटण दाबलं की आतले पत्रे एकदम चिकटत नाहीत. ते आपटतात, उसळतात, पुन्हा आपटतात. ही उसळी बहुतेक बटणांत काही मिलिसेकंद चालते. जुनी किंवा मोठी बटणं जास्तही घेतात. माणसाला १०-१५ मिलिसेकंदांचा उशीर बोटाला जाणवत नाही. म्हणजे बटणासाठी आपल्याकडे १० ते १५ मिलिसेकंद आहेत, आणि ते पुरेसे आहेत.

हाच आकडा चाकाच्या वेगाच्या सेन्सरला लावला तर सगळं बिघडेल. सेन्सर सेकंदाला १००० पल्स देत असेल तर प्रत्येक पल्स अर्धा मिलिसेकंद वर आणि अर्धा मिलिसेकंद खाली असतो. तिथे फिल्टरला ०.०५ मिलिसेकंदाच्या आसपासच वेळ देता येतो. बटणाचं सर्किट उचलून अशा सेन्सरला लावलं, तर पल्स गिळले जातात आणि दोष सेन्सरवर येतो.

म्हणून कागदावर प्रत्येक सिग्नलसमोर दोन आकडे लिहा. खरा सिग्नल कमीत कमी किती वेळ टिकतो, आणि गोंगाट जास्तीत जास्त किती वेळ टिकतो. फिल्टरचा वेळ या दोघांच्या मध्ये बसला पाहिजे. मध्ये जागाच नसेल तर कुठलाही कपॅसिटर मदत करणार नाही. वायरिंग किंवा सेन्सर बदलावा लागेल.

आर आणि सी यांची जोडी

रेझिस्टरमधून कपॅसिटर भरतो तेव्हा आर (रेझिस्टरची किंमत) × सी (कपॅसिटरची क्षमता) एवढ्या वेळात तो अंतिम व्होल्टेजच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचतो. हाच टाइम कॉन्स्टंट. तिप्पट वेळात ९५ टक्के, पाचपट वेळात ९९ टक्क्यांच्या वर. १० किलोओम आणि १०० नॅनोफॅरड घेतले तर टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद. याच जोडीची कटऑफ फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिच्यावर सिग्नल दबायला लागतो ती, १ भागिले २ × पाय × आर × सी, म्हणजे १५९ हर्ट्झ. त्याच्या वर फ्रिक्वेन्सी दहापट झाली की सिग्नल दहापट कमी होतो.

फिल्टर बारीक काट्यांना, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उड्यांना, कसा दाबतो हे एका उदाहरणात दिसेल. ५ व्होल्ट उंच पण फक्त १० मायक्रोसेकंद रुंद असा काटा १ मिलिसेकंदाच्या जोडीवर आला, तर कपॅसिटर त्या वेळात शंभरावा हिस्साच भरतो. बाहेर दिसतं ०.०५ व्होल्ट. पण तोच काटा १ मिलिसेकंद टिकला तर बाहेर ३ व्होल्टच्या वर जातील. काट्याच्या उंचीपेक्षा त्याची रुंदी किती ते बघा.

बटण जोडूया

५ व्होल्टपासून १० किलोओमचा पुल-अप (बटण सुटं असताना व्होल्टेज वर ठेवणारा) रेझिस्टर बटणाच्या एका पायाला द्या. बटणाचा दुसरा पाय ग्राउंडला. बटण आणि पुल-अप भेटतात त्या बिंदूपासून आणखी एक १० किलोओम पुढे न्या आणि त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सिग्नल या कपॅसिटरच्या वरच्या टोकावरून घ्यायचा.

दुसरा १० किलोओम अनेकजण गाळतात आणि कपॅसिटर सरळ बटणावर टाकतात. मग प्रत्येक दाबाला भरलेला कपॅसिटर बटणाच्या पत्र्यांतून एका क्षणात रिकामा होतो, छोटी ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट हळूहळू खराब होतो. रेझिस्टर मध्ये असेल तर हा करंट अर्ध्या मिलिअँपिअरवर अडतो. उलट बाजूनेही एक सूचना: मोठ्या, गंज धरणाऱ्या कॉन्टॅक्टना इतका कमी करंट पुरत नाही. अशा ठिकाणी पुल-अप १ किलोओमचा घ्या, म्हणजे ५ मिलिअँपिअर वाहतील आणि पृष्ठभागावरचा थर फुटत राहील.

आता कपॅसिटरवरचं व्होल्टेज गुळगुळीत झालं, पण ते सावकाश चढतं-उतरतं. साध्या लॉजिक चिपला असा संथ सिग्नल दिला, की उंबरठ्यापाशी, म्हणजे चिप निर्णय बदलते त्या व्होल्टेजपाशी, रेंगाळताना थोड्याशा गोंगाटानेही आउटपुट फडफडतं. इथे श्मिट ट्रिगर हवाच. हा कल्पक तुकडा ओटो श्मिट यांनी १९३४ मध्ये, विद्यार्थी असताना, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करता करता शोधला. त्यात वर जाण्याचा उंबरठा वेगळा आणि खाली येण्याचा वेगळा. एकदा निर्णय झाला की तो फिरवण्यासाठी सिग्नलला बरंच मागे यावं लागतं.

७४एचसी१४ या चिपमध्ये असे सहा इन्व्हर्टर, म्हणजे इनपुट उलटं करून देणारे भाग, असतात. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड. ५ व्होल्टवर वरचा उंबरठा साधारण २.७ आणि खालचा साधारण १.६ व्होल्ट धरा. नगानगाला यात चांगलाच फरक पडतो, म्हणून वेळ काठावर बेतू नका. कपॅसिटर आणि पिन १ यांच्यामध्ये १ किलोओम ठेवा: वीज बंद झाल्यावर भरलेला कपॅसिटर चिपच्या इनपुटमधून रिकामा होतो, तेव्हा हा रेझिस्टर चिपला जपतो.

हिशेब करून बघू. बटण दाबलं की कपॅसिटर १० किलोओममधून रिकामा होतो. टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद. ५ वरून १.६ व्होल्टला यायला साधारण ११ मिलिसेकंद. सोडल्यावर भरतो तो दोन्ही रेझिस्टरांतून, म्हणजे २० किलोओममधून, आणि २.७ व्होल्ट गाठायला साधारण १५.५ मिलिसेकंद घेतो. मला सर्वात आवडणारा आकडा तिसरा आहे. चिपने एकदा ‘दाबलं’ म्हटलं की ते खोडायला पत्र्यांना सलग जवळपास ८ मिलिसेकंद उघडं राहावं लागेल. उसळीतली एखादी उघडीप इतकी लांब क्वचितच असते. आपण लिहिलेले १० ते १५ मिलिसेकंद इथे जवळपास पूर्ण खर्च झाले, आणि तेच अपेक्षित होतं.

न वापरलेल्या इन्व्हर्टरांची इनपुट ग्राउंडला बांधा. मोकळी सोडलेली इनपुट हवेतला गोंगाट पकडून आतल्या आत थरथरत राहतात, आणि ती थरथर सप्लायवर येते.

दोन सेकंदांचा टायमर

५५५ ही चिप हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली. अजूनही ती शिकायला उत्तम, कारण तिच्या पोटात काय चाललंय ते बोटावर मोजता येतं. तीन समान रेझिस्टर सप्लायचे तीन भाग करतात. दोन कम्पॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारे भाग) एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश व्होल्टेजवर पहारा देतात. एक फ्लिप-फ्लॉप निकाल लक्षात ठेवतो आणि एक ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करतो.

एकाच पल्सच्या जोडणीत पिन ६ आणि ७ एकत्र करा, त्यांना सप्लायपासून रेझिस्टर आणि ग्राउंडला कपॅसिटर द्या. वेळ = १.१ × आर × सी. दोन सेकंदांसाठी १८० किलोओम आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर १.९८ सेकंद येतात. कागदावर छान, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे प्रत्यक्षात १.६ ते २.४ सेकंद काहीही मिळेल. १५० किलोओम स्थिर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० किलोओमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा. मग कपॅसिटर कुठल्याही टोकाचा निघाला तरी दोन सेकंद जुळवता येतील.

कपॅसिटर लहान ठेवून रेझिस्टर खूप मोठा करायचा मोह होतो. १ मेगओमला, व्होल्टेज दोन-तृतीयांशाजवळ आलं की रेझिस्टरमधून जेमतेम १.७ मायक्रोअँपिअर वाहतात. इलेक्ट्रोलिटिकची गळती तेवढी असेल तर कपॅसिटर तिथेच अडकतो आणि टायमर कधीच संपत नाही. मोठा रेझिस्टर हवाच असेल तर प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर घ्या. सिरॅमिकमध्ये सी०जी जातीचे स्थिर असतात; एक्स७आर चालतात, पण व्होल्टेज वाढलं की त्यांची क्षमता घटते. वाय५व्ही टायमरजवळही फिरकू देऊ नका.

पिन ५ वरून ग्राउंडला १० नॅनोफॅरड लावा. ही पिन आतल्या दोन-तृतीयांश बिंदूला जोडलेली असते, आणि तिच्यावर आलेला गोंगाट सरळ वेळेत मिसळतो. तसं पाहिलं तर सप्लाय सावकाश थोडा वर-खाली झाला तरी ५५५ ची वेळ फारशी बदलत नाही, कारण उंबरठे आणि भरण्याचा वेग दोन्ही सप्लायच्या प्रमाणात सरकतात. अचानक आलेल्या झटक्याला मात्र हा न्याय लागू होत नाही.

आता ट्रिगर, म्हणजे टायमर सुरू करणारा इशारा. पिन २ क्षणभर एक-तृतीयांशाखाली गेली की टायमर सुरू होतो, पण ती तशीच खाली राहिली तर वेळ संपूनही आउटपुट उतरत नाही. कुणी बटण तीन सेकंद धरून ठेवलं तर? म्हणून श्मिटचा दुसरा इन्व्हर्टर पहिल्यानंतर लावा, म्हणजे दाबल्यावर त्याचं आउटपुट खाली येईल. तिथून १० नॅनोफॅरडमधून पिन २ ला जा आणि पिन २ ला ५ व्होल्टकडे १० किलोओम द्या. खाली येणाऱ्या कडेला पिन २ सुमारे ४० मायक्रोसेकंद एक-तृतीयांशाखाली राहते, मग आपोआप वर येते. बटण किती वेळ धरलंय याच्याशी तिला देणंघेणं उरत नाही. बटण सुटताना हाच कपॅसिटर पिन २ ला १० व्होल्टकडे ढकलतो. म्हणून पिन २ पासून सप्लायकडे एक १एन४१४८ डायोड लावा, त्याच्या अंगावरची पट्टी सप्लायच्या बाजूला.

हे सगळं जोडून वीज दिली की एक गंमत होते. बटणाला हातही लावला नाही तरी टायमर एकदा चालतो! कारण बटणाचा कपॅसिटर सुरुवातीला रिकामा असतो आणि रिकामा म्हणजे ‘दाबलेलं’. इथेही उत्तर वेळेतच आहे: तो कपॅसिटर भरेपर्यंतचे १५ मिलिसेकंद टायमरला झोपवून ठेवायचं. ५५५ च्या रिसेट पिनला, म्हणजे पिन ४ ला, ५ व्होल्टकडे १० किलोओम आणि ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरड द्या. या पिनमधूनही थोडा करंट बाहेर येतो आणि तिचा उंबरठा एक व्होल्टच्याही खाली असतो. म्हणून नुसत्या टाइम कॉन्स्टंटवरून वाटतो तेवढा उशीर मिळत नाही, पण आपल्या कामाला पुरतो. १० किलोओमला समांतर एक डायोड लावा, पट्टी ५ व्होल्टकडे, म्हणजे वीज गेल्यावर कपॅसिटर लवकर रिकामा होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तयार असतो.

रिले आणि सप्लाय: खरी लढाई इथे

५ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या ५५५ चं आउटपुट भाराखाली ३.३ व्होल्टच्या आसपास उतरतं. त्यावर सरळ ५ व्होल्टचा रिले टाकला तर तो ओढेल याची खात्री नाही. मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या, बेसला ६८० ओम. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टी सप्लायकडे. हा डायोड विसरलात तर करंट तुटताच कॉइल ट्रान्झिस्टरवर शंभर-दोनशे व्होल्टचा झटका देऊ शकते, आणि तो झटका आपल्या सगळ्या नाजूक कामावर पाणी फिरवतो. रिलेच्या कॉन्टॅक्टवर घरगुती वीज जोडणार असाल तर तो भाग वेगळ्या बंद डब्यात, योग्य अंतर राखूनच करा. ब्रेडबोर्डवर कधीही नाही.

आता ग्राउंडकडे बघा. आपण ग्राउंडला शून्य मानतो, पण वायर शून्य नसते. १० सेंटिमीटर वायरचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, साधारण १०० नॅनोहेन्री. तिच्यातून १०० मिलिअँपिअर १० नॅनोसेकंदांत चालू किंवा बंद झाले तर तिच्या दोन टोकांत १ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे ज्या बिंदूला टायमर शून्य समजतो तो क्षणभर १ व्होल्टवर गेलेला असतो, आणि ट्रिगरचा उंबरठा आहे १.७ व्होल्ट. इतक्या तोकड्या फरकावर सर्किट भरवशाने चालत नाही.

म्हणून रिले-ट्रान्झिस्टरची परतीची वायर थेट सप्लायच्या ग्राउंडपर्यंत वेगळी न्या. चिपांचं ग्राउंड दुसऱ्या वायरने तिथेच पोचवा. दोघांची भेट फक्त त्या एका बिंदूवर. सप्लाय बोर्डवर येतो तिथे १०० मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक चिपच्या सप्लाय व ग्राउंड पिनांना चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. ‘चिकटून’ हा शब्द मी जपून वापरतोय. कपॅसिटरच्या पायांचं आणि वाटेतल्या वायरचं मिळून २० नॅनोहेन्री झालं तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या पुढे तो कपॅसिटर इंडक्टरसारखा वागायला लागतो. जुन्या बनावटीची ५५५ आउटपुट पलटताना सप्लायमधून करंटचा मोठा घोट घेते, आणि तो याच कपॅसिटरमधून भागायचा असतो. सीमॉस बनावटीची ७५५५ यात फार सौम्य आहे. नवीन काम असेल तर मी तीच घेईन; फक्त तिच्या पिन ४ मधून जुनीसारखा करंट येत नाही, त्यामुळे रिसेटची वेळ मोजून घ्यावी.

सेन्सरचा सिग्नल असेल तर

बटणाऐवजी तापमानासारखा सावकाश बदलणारा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरने वाचायचा असेल तर नियम तोच, पण एक सापळा वाढतो. सेकंदाला १०० नमुने घेताना सिग्नलमध्ये ९९ हर्ट्झचा गोंगाट असेल, तर आकड्यांत तो १ हर्ट्झचा संथ हेलकावा बनून दिसतो. एकदा असं झालं की खऱ्या बदलापासून तो सॉफ्टवेअरने वेगळा करता येत नाही. म्हणून नमुना घेण्याआधीच आर-सी फिल्टर बसवा. १६ किलोओम आणि १ मायक्रोफॅरडने कटऑफ १० हर्ट्झ येते आणि ९९ हर्ट्झ दहापट दबतो.

त्याची किंमतही लिहून ठेवा. टाइम कॉन्स्टंट १६ मिलिसेकंद, आणि १० बिटांच्या अचूकतेपर्यंत स्थिरावायला त्याच्या सातपट, म्हणजे सुमारे ११० मिलिसेकंद लागतात. मल्टिप्लेक्सरने (अनेक सिग्नलांतून एक निवडणाऱ्या स्विचने) चॅनल बदलून लगेच वाचणाऱ्यांचे आकडे इथेच चुकतात.

एवढं दाबणं पुरत नसेल तर दोन आर-सी एकामागे एक लावता येतात, पण दोन्ही सारखे घेतले तर दुसरा पहिल्यावर भार टाकतो आणि कटऑफ मूळच्या ३७ टक्क्यांवर घसरते. दुसऱ्याचा रेझिस्टर दहापट मोठा आणि कपॅसिटर दहापट लहान ठेवा. विजेच्या तारांची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झची असते. १०० मिलिसेकंदांत समान अंतराने घेतलेल्या नमुन्यांची सरासरी काढली तर पहिल्याची ५ आणि दुसऱ्याची ६ पूर्ण आवर्तनं बसतात आणि दोन्ही जवळजवळ नाहीशी होतात. अधूनमधून येणाऱ्या एकट्या काट्यांवर मात्र सरासरी नको. ती काटा पसरवते. तीन किंवा पाच नमुन्यांतला मधला आकडा घ्या.

मोजताना

टप्प्याटप्प्याने तपासा. आधी फक्त बटण आणि कपॅसिटर: दाबल्यावर व्होल्टेजचा उतार सलग दिसला पाहिजे. मग श्मिटचं आउटपुट: एका दाबाला एकच कड. मग टायमर, रिले न जोडता. शेवटी रिले. रिले जोडल्यावरच बिघाड सुरू झाला तर फिल्टरला हात लावू नका; दोष सप्लायमध्ये किंवा ग्राउंडमध्ये आहे.

ऑसिलोस्कोपवर प्रत्येक कडेला घंटेसारखी थरथर दिसत असेल तर आधी प्रोबची ग्राउंड वायर आखूड करा. ती लांबलचक वायर स्वतःच थरथर निर्माण करते, आणि सर्किटमध्ये नसलेल्या दोषावर दुपार खर्च होते.

टायमरच्या कपॅसिटरवर प्रोब लावणं तर फारच फसवं. रेझिस्टर १ मेगओमचा असेल आणि प्रोब एकपटीवर (१×), म्हणजे तोही १ मेगओम, तर कपॅसिटर अडीच व्होल्टच्या वर जाऊच शकत नाही. उंबरठा ३.३३ वर असतो, त्यामुळे प्रोब काढेपर्यंत टायमर संपत नाही. दहापटीच्या (१०×) प्रोबने किंवा १० मेगओमच्या मल्टिमीटरने वेळ सुमारे ९ टक्क्यांनी लांबते. म्हणून वेळ मोजायची ती पिन ३ वर, म्हणजे ५५५ च्या आउटपुटवर, आणि प्रीसेट फिरवताना कपॅसिटरला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही.